मीठ, वारा आणि दुकानाची पाटी

वैशाखात नागपूरजवळच्या कोराडीच्या गच्च्यांवर कुरडया, सांडगे आणि पापड वाळत पडतात, त्यामागे जी दूरदृष्टी आहे तीच, द्रव्य बदलले तरी, मांस टिकविण्याच्या विद्येमागेही आहे. जे एका ऋतूत विपुल असते ते दुसऱ्या ऋतूच्या टंचाईपर्यंत शाबूत पोहोचवायचे, आणि त्यासाठी मीठ, ऊन, वारा, धूर व आंबटपणा यांपैकी आपल्या मुलखात जे साधन सहज मिळेल त्याचा आश्रय करायचा, एवढेच या विद्येचे मूळ; आणि ज्या वाचकाच्या घरी मांस शिजत नाही त्यालाही वाळवणाच्या अनुभवावरून ते समजण्यास अडचण पडू नये. परंतु मूळ एक असूनही या विद्येचे भाग्य देशोदेशी फार वेगवेगळे झाले. इटलीत तिच्यासाठी शहराच्या मुख्य पेठेत दुकाने उघडली, त्यांना धर्मपीठाच्या सनदा व राज्यकर्त्यांचे हुकूमनामे लाभले; गोव्यात ती बाजारात बसणाऱ्या स्त्रीच्या टोपलीपर्यंत आली; आणि आमच्या नागपूर-मराठवाड्याकडे ती गावकुसाबाहेरच्या अंगणातील दोरीवरच राहिली, तिच्या नावाची पाटी कोणत्याही दुकानावर लागली नाही. हा भेद कारागिरीच्या कमीअधिकपणातून निर्माण झाला असे मला वाटत नाही. कारागिराला समाजाने कोठे बसविले यावरून तो निर्माण झाला.

प्रथम विद्येविषयी. मांस नासते ते त्यातील पाण्यामुळे, कारण सूक्ष्म जंतूंना वाढावयास पाणी लागते. मीठ ते पाणी बाहेर खेचून घेते व उरलेले जंतूंच्या उपयोगाचे राहू देत नाही. वारा आणि ऊन पृष्ठभाग सुकवितात. धुराने वरच्या थरावर जंतुनाशक द्रव्यांचे पूट चढते. आणि सिरक्याची किंवा मंद आंबण्यातून उत्पन्न होणारी आम्लता उरलेल्या शत्रूंना थोपवून धरते. पूर्वापार यात आणखी एक पदार्थ पडत आला आहे, तो म्हणजे सोरा. बिहारच्या लोण्या मातीतून काढलेला हा क्षार इंग्रज व डच कंपन्यांनी गलबते भरभरून युरोपात नेला तो मुख्यत्वे तोफांच्या दारूसाठी. परंतु हाच क्षार मांसाचा गुलाबी रंग टिकवितो आणि ज्या जंतूच्या विषाने माणूस दगावतो त्याला वाढू देत नाही, हे खाटकांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी अनुभवाने कळले होते. अशा टिकविलेल्या मांसाचे नित्य व अतिसेवन मात्र हितकर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली, आणि ही गोष्ट वाचकांपासून झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

इटलीतील परंपरा किती जुनी आहे याचा दाखला हवा असेल तर ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील रोमन मुत्सद्दी केटो याच्या शेतीविषयक ग्रंथाकडे पाहावे. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या घाण्या आणि गुलामांचा शिधा यांची तपशीलवार व्यवस्था सांगून झाल्यावर ग्रंथाच्या शेवटी तो डुकराच्या मांड्या रांजणात मिठाच्या थरांमध्ये कशा रचाव्यात, वरच्या खाली व खालच्या वर कधी कराव्यात, मग त्या पुसून वाऱ्यावर व धुरात किती दिवस टांगाव्यात, हे एखाद्या कसलेल्या कारभाऱ्याच्या काटेकोरपणाने लिहितो. पुढे इ. स. 301 मध्ये सम्राट डायोक्लिशियनने जिनसांच्या कमाल दरांचा जो जाहीरनामा काढला त्यात खारविलेल्या मांडीचा व मांस भरलेल्या आतड्यांचा दर ठरवून दिलेला आढळतो. म्हणजे ही वस्तू तोपर्यंत घरगुती बेगमीतून निघून बाजारात पुरती स्थिरावली होती.

तिला स्वतंत्र दुकान आणि स्वतंत्र धंदेवाईक मिळाला तो मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतातल्या नॉर्चा या डोंगरी कसब्यामुळे. संत बेनेडिक्टचे जन्मस्थान म्हणून ख्रिस्ती जगात या गावाची कीर्ती आहे. परंतु आसपासच्या गरीब शेतकऱ्यांचे पोट भरले ते डुक्कर कापण्याच्या व खारविण्याच्या कौशल्यावर. हिवाळा लागला, डोंगरातील शेतीची कामे थांबली, की हे लोक सुऱ्या गुंडाळून रोम, फ्लॉरेन्स अशा शहरांकडे पायी निघत, हंगामभर लोकांच्या दारी जाऊन त्यांचे जनावर कापून देत, त्याचे मांस मिठात घालून देत, आणि वसंत ऋतूत गावी परतत. लोक त्यांना गावाच्या नावावरून नॉर्चीनी म्हणू लागले, आणि त्यांच्यातले काही शहरातच गाळे घेऊन राहिले तेव्हा त्या गाळ्यांनाही नॉर्चिनेरिया असे नाव पडले, जे रोमच्या रस्त्यांवरील पाट्यांवर आजही वाचावयास मिळते. शरीररचनेच्या या प्रत्यक्ष ज्ञानाचा आणखी एक उपयोग झाला. नॉर्चाशेजारच्या प्रेची गावचे लोक मूतखडे काढण्यात आणि मोतीबिंदू उतरविण्यात इतके निष्णात झाले की त्यांची शस्त्रवैद्य म्हणून युरोपभर ख्याती पसरली. ज्या हाताने सुरी चालविली त्याच हाताला वैद्याचा मान मिळाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. सतराव्या शतकाच्या आरंभी, 1615 मध्ये, पोप पाचव्या पॉलने रोममधील नॉर्चीनींच्या संघाला मान्यता दिली. संत बेनेडिक्ट व त्याची बहीण स्कोलास्टिका यांच्या नावाने त्यांचे स्वतःचे देवालय झाले. खाटकांच्या समुदायाला राजधानीत अधिष्ठान मिळाले, मिरवणुकीत जागा मिळाली, दफ्तरी नोंद मिळाली.

उत्तरेकडे बोलोन्या शहरात हाच प्रकार अधिक व्यापारी थाटात घडला. तेथे मांस खारविणाऱ्यांची श्रेणी मध्ययुगापासून नांदत होती, आणि मोर्तादेल्ला नावाचा तेथील जाड, गुळगुळीत व फिकट गुलाबी पदार्थ इतका मागणीचा झाला की भेसळ होऊ लागली; तेव्हा 1661 मध्ये पोपचा प्रतिनिधी कार्डिनल फार्नेसे याने हुकूम काढून मोर्तादेल्लात केवळ डुकराचेच मांस असावे असे बंधन घातले व ते मोडणाऱ्यास कडक शिक्षा ठरविली. एखाद्या खाद्यपदार्थाची व्याख्या सरकारी फर्मानाने व्हावी आणि तिच्यामागे दंडाची ताकद असावी, याचे हे युरोपातील फार जुने उदाहरण आहे. मिठावरही राज्याची नजर होतीच. पार्माच्या परिसराला साल्सोमाज्जोरे येथील खाऱ्या झऱ्यांचे मीठ जवळ पडे, आणि एकीकृत इटलीत तर मिठाचा मक्ता सरकारने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे ठेवला होता. मिठाच्या मक्त्याने सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत राज्यसत्ता कशी पोहोचते, हे 1930 चा मिठाचा सत्याग्रह पाहिलेल्या देशाला वेगळे सांगावयास नको.

एकोणिसाव्या शतकात ही दुकाने मध्यमवर्गाच्या नित्य व्यवहाराचा भाग झाली. तोस्कानीतील ग्रेवे गावच्या चौकात फालोर्नी कुटुंबाचे दुकान 1806 पासूनचे म्हणून सांगितले जाते. मिलानमध्ये प्राग शहराहून आलेल्या फ्रान्चेस्को पेक याने 1883 मध्ये उघडलेले दुकान आज त्या शहराचे भूषण समजले जाते. आत शिरताच छतापासून टांगलेल्या मांड्या, दोऱ्यांनी आवळलेल्या सलामींच्या रांगा, पलीकडे चीजची चाके, आणि फळीमागे पांढरा अंगरखा घातलेला दुकानदार, हे दृश्य सर्वत्र सारखेच. पूर्वी चकत्या काढायच्या त्या लांब पात्याच्या सुरीने, आणि त्यातच दुकानदाराची परीक्षा होई. पुढे 1898 मध्ये रॉटरडॅमच्या व्हान बर्केल नावाच्या खाटकाने चाक फिरवून कागदासारखी पातळ चकती काढणारे यंत्र बनविले, ते इटलीने इतके आपलेसे केले की त्याच्या लाल चाकावाचून जुन्या दुकानाची कल्पनाच करवत नाही.

तरीही या धंद्याचे सर्वांत सूक्ष्म कर्म यंत्राने होत नाही. पार्माजवळच्या लांगिरानो परिसरात डुकराच्या मागच्या मांडीला मीठ चोळून, आणि मिठावाचून दुसरे काहीही न घालता, तिला आधी थंडीत व नंतर उंच खिडक्यांच्या माड्यांत टांगून ठेवतात. हवा कोरडी असेल तेव्हा खिडक्या उघडायच्या, दमट असेल तेव्हा लावून घ्यायच्या, हा तिथला नित्यनेम. उघडा भाग टणक होऊ नये म्हणून त्याला चरबी व मिठाचा लेप देतात. वर्षाहून अधिक काळ गेल्यावर परीक्षक येतो, त्याच्या हातात घोड्याच्या हाडाची एक बारीक सुई असते. ती मांडीत ठरावीक जागी टोचायची, चटकन बाहेर काढून नाकाशी न्यायची, पुन्हा दुसऱ्या जागी टोचायची. हाडच का, तर ते सच्छिद्र असल्यामुळे आतला गंध क्षणात धरते आणि क्षणात सोडूनही देते, म्हणून एका जागेचा वास दुसऱ्या जागेच्या वासात मिसळत नाही. त्या एका हुंगण्यावर माल उत्तीर्ण होतो किंवा बाजूला काढला जातो. उत्तीर्ण झाला तर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग त्याच्या कातडीवर उमटतो. उत्पादकांचा संघ 1963 मध्ये झाला, आणि युरोपीय संघाने 1996 मध्ये या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. केटोच्या रांजणापासून या मुकुटापर्यंतचा सारा प्रवास लेखी आहे, हे लक्षात ठेवावे.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीजांचा अंमल 1510 मध्ये सुरू झाला आणि त्यांच्याबरोबर मांस भरलेल्या आतड्याचा त्यांचा शोरिसो आला. परंतु त्यांच्या देशी मांसाला द्राक्षाची वाइन आणि लसूण लागे, वर थंड कोरड्या हवेचे साह्य असे, आणि गोव्यात यांपैकी हवा तर मुळीच अनुकूल नव्हती. ज्या हवेत मिठाच्या पुडीला चार दिवसांत पाणी सुटते तेथे नुसत्या मिठावर मांस कसे टिकावे? गोव्यातील ख्रिस्ती गृहिणीने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते माझ्या मते पाकशास्त्रातील स्वतंत्र बुद्धीचे मोठे उदाहरण आहे. तिने वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा विनागर, म्हणजे सिरका, घेतला; ती सुर गावचा रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, काढून देई. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली लाल मिरची घेतली. मिरी, लवंग, दालचिनी, जिरे, हळद, आले व लसूण घेतली. आणि हे सर्व विनागरातच वाटून, कोठे कोठे त्यात फेणीही घालून, तो मसाला मांसाला चोळला. त्याआधी मांसाचे लहान तुकडे मिठात घालून, वर जड दगड ठेवून, त्यांचे पाणी काढून घ्यायचे व ऊन दाखवायचे. मसाल्यात ते काही दिवस मुरवायचे. मग स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरून, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर दोऱ्याने गाठी मारायच्या, आणि तयार झालेली माळ पुन्हा उन्हात व चुलीवरच्या धुरात टांगायची. यालाच गोव्यात चोरीस म्हणतात. एक साधन पुरेसे नसेल तेथे मीठ, ऊन, आम्ल, मसाला आणि धूर या सर्वांना एकत्र उभे करून दमट हवेवर मिळविलेला हा विजय आहे.

चोरिसांचा इतिहास सर्वस्वी सुखाचा नाही. गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले ते मधल्या थोड्या काळाचा खंड वगळता 1812 पर्यंत चालले, आणि धर्मांतरित कुटुंब मनाने जुन्या धर्मात तर नाही ना, हे त्याच्या स्वयंपाकघरावरून पारखण्याची त्या न्यायासनाची रीत होती. 1736 च्या जाहीरनाम्यात लग्नकार्यातील विधींबरोबर भात मिठाशिवाय शिजविण्यासारख्या रीतींवरही बंदी घातलेली आढळते. अनंत काकबा प्रियोळकरांनी या काळाचा अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध केला तो ज्याने वाचला असेल त्याला अन्नावर सत्ता किती खोलवर हात घालू शकते याची कल्पना येईल. खुद्द पोर्तुगालमध्ये, तेथील छुप्या यहुदी कुटुंबांनी डुकराचे मांस न घालता पाव व कोंबडीचे मांस भरलेल्या माळा धुराड्यात टांगून शेजाऱ्यांची नजर चुकविली, अशी आल्येइरा नावाच्या पदार्थाची कथा परंपरेने सांगितली जाते. घरातली माळ कोणी भक्तीने टांगली, कोणी भयाने, आणि कोणी केवळ भुकेने. पिढ्या गेल्या, भय गेले, आणि माळ मात्र घरची झाली.

पावसाळ्यात गोव्यात समुद्र बंद, रस्ते चिखलाचे, आणि ओली मासळी दुर्मिळ. म्हणून वैशाख-ज्येष्ठात बेगमीची जत्राच भरते. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तानंतर आणि मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास सुके बांगडे, सुंगटे, आमसुले, मिरच्या, चिंच यांच्या राशींत चोरिसांच्या माळाही येतात. त्या बाजाराला तिकडे पुरुमेंताचे फेस्त म्हणतात. एरवीही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका या माळा पुढ्यात मांडून बसलेल्या दिसतात. गिऱ्हाईक माळ हातात घेते, एखादा मणी चिमटीत दाबून पाहते. फार मऊ लागला तर माल ताजा, अजून मुरावयाचा. अगदीच दगड झाला असेल तर जुना. भाव मण्यांच्या गणतीवर, आणि विकणारीची बोटे त्या गाठींवरून जपमाळेवरून फिरावीत तशी सरकत जातात. फळी नाही, पाटी नाही, यंत्र नाही. पण कोणत्या गावच्या, कोणत्या घरच्या चोरिसांना विनागराचा कोणता कस, हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते, आणि हीच त्या मालाची सनद.

गोव्याबाहेर चोरिसांना नेले ते स्थलांतराने, आणि त्या स्थलांतराच्या कारणांत पुन्हा मीठच येते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठागरांवर इंग्रज सरकारचे नियंत्रण आले; 1892 मध्ये तो तह संपुष्टात येईपर्यंत मिठाच्या धंद्यावर जगणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा आधार तुटला, आणि त्याच काळात रेल्वेमार्गही झाल्याने मुंबईची वाट सोपी झाली. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या लोकांनी आपापले कूड काढले, जेथे जहाजावर नोकरी शोधणारा खलाशी अल्प भाड्यात पथारी टाकी. जेर महालाच्या इमारतीत असे कूड एकावर एक वसले. गावाहून येणाऱ्याच्या ट्रंकेत आईने दिलेली माळ असे, आणि कांदा-बटाट्याबरोबर ती शिजली की मिठाई-फरसाणाच्या त्या शहरातही चार माणसांना गावचे जेवण मिळे. चोरिसांना वेगळे तेल वा मसाला लागत नाही, दोन्ही त्यांच्या पोटातच असतात. परदेशी जहाजावर जाणाऱ्याला याहून सोयीचे अन्न कोणते?

आज या घरगुती धंद्यापुढे खरा प्रश्न स्वच्छतेच्या नियमांचा आहे. नियम हवेतच, मांसाच्या बाबतीत तर निःसंशय हवेत. परंतु कारखान्यासाठी लिहिलेला नियम जसाच्या तसा चुलीला लावला तर चूल विझते आणि कारखाना तेवढा उरतो. इटलीतही असा प्रसंग आला होता. कर्रारा येथील संगमरवराच्या खाणींजवळ कोलोन्नाता नावाचे खेडे आहे. तेथील खाणकामगार डुकराची पाठीवरची चरबी मीठ, रोझमेरी व लसूण यांच्यासह संगमरवराच्याच हौदांत महिनोन्महिने मुरवून पावाबरोबर खात. विसाव्या शतकाच्या अखेरीस आरोग्य खात्याने या हौदांवर आक्षेप घेऊन माल जप्त केला, तेव्हा कार्लो पेत्रिनीच्या स्लो फूड चळवळीने त्या कामगारांची बाजू घेतली, आणि शेवटी 2004 मध्ये त्या पदार्थाला भौगोलिक संरक्षण मिळाले, संगमरवरी हौदासह. नियमाने कृती समजून घेतली आणि कृतीने नियम मानला. गोव्यातील स्त्रियांच्या बाबतीत हे व्हावयास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. त्यांच्या हातचे ज्ञान लिहून घेणारा, मोजणारा आणि त्यांच्याशी आदराने बोलणारा अंमलदार तेवढा हवा.

आणि आता माझ्या मुलखाविषयी, जे लिहिल्यावाचून हा लेख अपुरा राहील. नागपूर प्रांताच्या कोरड्या, धगधगत्या उन्हाळ्यात मांस सुकवावयास ना विनागर लागतो ना धूर. मीठ-हळद लावलेल्या लांब पट्ट्या दोरीवर टाकल्या की ऊन आपले काम करते. विदर्भ-मराठवाड्यातील दलित वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या अशा चान्या वाळत आल्या, आणि दुष्काळात, आजारपणात, कामाचा खाडा पडला त्या दिवशी त्यांनी कुटुंबे जगविली. लांगिरानोचा कारागीर खिडक्या उघडझाप करून जी हवा मिळवितो ती येथे निसर्गाने फुकट दिली होती. परंतु मेलेले जनावर ओढून नेणे हे ज्यांच्यावर गावकीचे काम म्हणून लादले गेले, त्यांच्या पदरी तेच मांस मोबदला म्हणून पडले, आणि मग तेच मांस खातात म्हणून त्यांना अस्पृश्य ठरविले गेले. अशा दुष्टचक्रात दुकान कोठून निघणार, आणि निघते तर त्याची पायरी कोण चढणार? नॉर्चाच्या सुरीला रोममध्ये देवालय मिळाले, आमच्याकडच्या सुरीला वेशीबाहेरची जागा मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते या गुलामीची साखळी तोडण्यासाठी, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धर्मांतर झाल्यानंतर असंख्य घरांनी ही जुनी दोरी स्वेच्छेने उतरवून ठेवली. त्या निर्णयातील स्वाभिमान पूर्णतः त्यांचा आहे. काही घरांनी ताज्या मांसाच्या चान्या चालू ठेवल्या, तो निर्णयही त्यांचाच.

छापील मराठी पाकशास्त्राने मात्र या विद्येची दखल घेण्यास फार उशीर केला. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली आणि घराघरांत पोहोचली. त्या प्रकारच्या पुस्तकांत चान्यांना जागा असण्याचा संभवच नव्हता. दलित आत्मकथनांनी या अन्नाचा उल्लेख साहित्यात आणला, परंतु तो बहुधा वेदनेचा दाखला म्हणून. महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची पाककृतींसह सविस्तर नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने 2015 मध्ये केली, आणि 2024 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाल्यावर महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनाही तो ऐवज खुला झाला. पट्टी किती जाड कापावी, ती वाळली हे कशावरून ओळखावे, शिजविताना तिच्याबरोबर काय पडावे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे अशी वडीलधारी माणसे आमच्या बाजूच्या गावांत अद्याप आहेत. केटोने आपल्या ग्रंथाच्या शेवटी जे केले ते त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच शब्दांत, करण्याचे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.